निळ्या टाइलच्या हौदातलं कासव

मुक्ता, ईशान,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे आत्याआजीशी. तुम्ही बाजूला बसून ऐकायचं. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, तेव्हा आईकडून वाचून घ्या. समजतं तुम्हाला सगळं, हे मला ठाऊक आहे. मी फोनवर आवाज जरा चढवला की दोघंही लगेच "ओके आजी" म्हणता.

आत्ताच का, तर काल रविवारी ईशानने विचारलं, "आजी, बाबा म्हणतो तू शोकसभेत भांडलीस?" मी भांडले नाही. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. जे केलं ते आठ दिवस विचार करून, कागदावर क्रम लिहून केलं. तुमचा बाबा "आजी दुःखात आहे" म्हणून विषय मिटवतो. दुःखात आहेच मी. पण दुःखात म्हातारं माणूस काहीबाही करून बसतं, असा जो त्याचा सूर आहे, तो मला मान्य नाही. म्हणून जे झालं ते जिच्यासाठी झालं तिलाच सांगते. ती तुमच्या आबांची धाकटी बहीण. मी तिला पन्नास वर्षं "वन्सं" म्हटलं आणि तिने मला "वहिनी". एवढं माहीत असलं की पुढचं तुम्हाला समजेल.

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तुम्ही गेलात तेव्हा मी आतल्या खोलीत तुमच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होते. मंगळवारपर्यंत भरून झाल्या होत्या. मी हाक मारून विचारलं, "वन्सं, ती अर्धी गोळी सकाळची की दुपारची?" तुम्ही उत्तर दिलं नाही. तुम्ही अशा प्रश्नांना उत्तर देतच नसायचात, म्हणून मी बुधवारचा कप्पा उघडला आणि पुढे भरत राहिले. ते मला अजून खातं आहे.

सगळे म्हणतात, शांतपणे गेली. मी मान हलवते. ही शांतता कोणाकोणाला सोयीची होती ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही होतं.

तुम्ही कॅमेरा घेतलात तो दिवस आठवतो. रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं काढलीत, निवृत्त झालात, तुमचे दादा, म्हणजे मुलांचे आबा, गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडला नाहीत, आणि एका सकाळी म्हणालात, "वहिनी, स्कूटर काढा. सदर बाजारला जायचंय." तिथे त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात तुम्ही हातभर लांब भिंगाचा कॅमेरा असा उचललात जसा काही बाजारातला दुधी. दुकानदाराने विचारलं, "माताजी, शादी-ब्याह का काम करेंगी?"

"नहीं भैया. जो चुप बैठे, उसका."

"चुप तो आजकल कोई नहीं बैठता."

"इसीलिए तो लंबा वाला दीजिए. दूर जाना पड़ेगा."

आणि खरंच दूर जावं लागलं. स्कूटर मी चालवायची, फौजेतल्या वडिलांच्या बबिन्याच्या पोस्टिंगमध्ये शिकलेली, आणि मागे तुम्ही, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी, खांद्यावर घडी केलेली सतरंजी, इथली दरी. रस्त्यावरची पोरं हसायची. तुम्ही म्हणायचात, "हसू द्या. त्यांच्या आज्या घरात बसून त्यांच्याच आयांना छळताहेत."

ते कासव पहिल्यांदा मी पाहिलं, हे इथे नोंदवून ठेवते, कारण तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. गावाबाहेरच्या तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पाण्यातून पाटाएवढा कातळ वर आलेला, त्यावर कोणीतरी ताटली उपडी घातल्यासारखं काहीतरी. मी म्हटलं, "कोणी भांडं विसरलं." तुम्ही माझा दंड धरलात. त्या भांड्याला मान फुटली. पुढे नळीसारखं बारीक नाक, मग मागचे दोन पाय, सकाळी अंथरुणात आळस द्यावा तसे ताणलेले. पाठीवर मोहरीच्या फुलांसारखे पिवळे ठिपके. मला खोकला आला. कासव पाण्यात. तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत, तसं सासूबाईंनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं आपण जात होतो. थंडीत उन्हाची तिरीप आल्यावर, बाकीच्या दिवसांत उजाडताना. तुमचे नियम होते. लाल साडी नको. अत्तर नको. दरीवर बसलं की पाय बदलायचा नाही. खोकल्याची खडीसाखर आधीच तोंडात ठेवायची. आपण बसल्यावर वीस मिनिटांनी ते वर यायचं. तुम्ही लगेच फोटो काढत नसायचात. दहा मिनिटं नुसतं बघायचात, मग दोन किंवा तीनच वेळा बटण दाबायचात. मी एकदा विचारलं, "एवढ्या लांब येऊन तीनच?" तर म्हणालात, "त्याने एकच पाठ आणली आहे. किती काढू?"

नावावरून आपलं भांडण व्हायचं. मला त्याला नाव द्यायचं होतं. माझ्याकडे पाच-सहा नावांची यादीही तयार होती.

"नको," तुम्ही म्हणायचात.

"का नको? नोंद ठेवायला सोपं पडतं."

"आज नाव ठेवाल, उद्या त्याला स्वेटर विणाल."

शेवटी नाव नाही, खूण ठरली. मानेच्या लगेच मागे तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे, आणि डाव्या बाजूला जुन्या जखमेचा चंद्रकोरीसारखा वण. दुसरी कासवं यायची, पण चुलीवालं ते एकच. तुम्ही लांबून ओळखायचात. मी फोटो मोठा करून ओळखायचे.

आणि फोटो सांभाळायची मी. तुमचे फोटो कॅमेऱ्याने दिलेल्या नंबरांनीच पडून असायचे, वर्षानुवर्षं, पावसात भिजलेल्या सरपणासारखे. मी त्यांचे महिन्यावार कप्पे केले. प्रत्येकाला स्थळ, दिवस, वेळ, हवामान. तुम्ही चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहून म्हणायचात, "वहिनी, तुम्ही कासवाचंही टाइमटेबल लावाल." मी म्हणायचे, शाळेत आम्हाला सिस्टरांनी शिकवलंय, आकृती कितीही सुंदर काढा, नावं दिली नाहीत तर शून्य मार्क. हे मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आले. आता सांगताना जीभ अडखळते.

कारण गेल्या गणपतीत प्रदर्शन लावायचा हट्ट माझा होता. तुम्ही नको म्हणत होतात. "मला कोणाला काही दाखवायचं नाहीये हो, वहिनी." मी महिनाभर तुमच्या मागे लागले. इथल्या मराठी मंडळात आपली मुलं येतात, त्यांना नीट मराठी येत नाही, फोनमधून मान वर काढत नाहीत, जरा बघू देत आपल्या गावाच्या पाण्यात काय आहे. तुम्ही कंटाळून हो म्हणालात. मी चौदा फोटो छापून आणले आणि प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात एक चिठ्ठी लावली. तळ्याचं नाव. कोणता काठ. पडक्या भिंतीपासून किती पावलं. सकाळी किती ते किती. जणू मी रेल्वेचं वेळापत्रक भिंतीवर लावत होते.

वसंतराव चष्मा वर सरकवून एकेक चिठ्ठी वाचत होते, ते तुम्हाला आठवत असेल. मंडळाचे अध्यक्ष, त्यांचे आजोबा आणि तुमचे आजोबा गुरसरायहून एकाच बैलगाडीतून आले, असं ते दर सणाला सांगायचे. दादांच्या तेराव्याला त्यांनीच पंगत वाढली होती. मी त्यांना कधी परकं मानलं नाही.

"सव्वासहा ते सात! वा वहिनी, रेल्वेपेक्षा तुमचं कासव टायमावर आहे." मग तुमच्याकडे वळून, "शरयूताई, एवढं देखणं जनावर तिथे चिखलात काय करतंय? घरात पाहिजे जी, घरात. उत्तरेकडे तोंड करून. मग बघा लक्ष्मी कशी टिकते."

तुम्ही म्हणालात, "देवळात गाभाऱ्यापुढे दगडाचं आहे ना वसंतराव, त्याच्याच पाया पडा. त्याला खायला लागत नाही, आणि ते पळूनही जात नाही."

सगळे हसले. वसंतराव सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी फोटोंखालच्या चौदाही चिठ्ठ्या गायब. मी मंडळाच्या स्वयंसेवक मुलीला सगळ्यांसमोर झापलं. एवढं साधं काम तुम्हाला जमत नाही, म्हटलं. ती रडली. तुम्ही पर्स घट्ट धरून बाजूला उभ्या होतात आणि म्हणालात, "जाऊ दे वहिनी, कागदच तर होते."

विसर्जनानंतर आठव्या दिवशी कातळ रिकामा होता. मग दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. तुम्ही म्हणत होतात, चिखलात गेलं असेल. मी म्हणत होते, तळं भरलेलं असताना? दहाव्या सकाळी पलीकडच्या काठाला कपडे धुणाऱ्या रामकलीने हात करून बोलावलं.

"अम्मा, रोज का देखतीं? ऊ तौ गओ."

"गओ माने?"

"दो जने आए हते भुनसारें. जाल डारो, बोरी में धर कें लै गए. एक के हाथ में कागज हतो, पढ़ पढ़ कें ठौर देखत तो."

पहाटे दोघं आले, जाळं टाकलं, पोत्यात घालून घेऊन गेले, आणि एक जण कागद वाचून वाचून जागा शोधत होता. त्या कागदावरचा पत्ता कोणाच्या चिठ्ठीतला, हे मला विचारावं लागलं नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंगाला झाकण लावत होतात. एकदा बसेना, म्हणून पुन्हा लावलंत. म्हणालात, "चला वहिनी, ऊन झालं." रस्ताभर मी वाट पाहत होते की मागून तुम्ही काहीतरी बोलाल. एक टोमणा तरी. तुम्ही एरवी माझ्या खोकल्यालाही सोडत नसायचात.

दिवाळीआधी वसंतरावांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला निळ्या टाइलचा हौद, गुडघाभर पाणी, मध्ये कारंजं. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि चुरमुरे. आणि त्यात ते. पाठीवर कुंकवाचा वीतभर माखलेला पट्टा. ते टाइलवर चढायला बघत होतं. अर्धं चढायचं आणि घसरायचं. पुन्हा चढायचं. सनईची कॅसेट चालू होती, तरी त्या नखांचा आवाज मला ऐकू येत होता, पाटीवर खडू कर्कश घासावा तसा. कुंकवाच्या खाली तीन ठिपके. डावीकडे वण. या वेळी मला फोटो मोठा करावा लागला नाही.

वसंतराव हातात पूजेचं तबक घेऊन आले. "या या शरयूताई! बघा, तुमच्याच प्रेरणेने!"

मला वाटलं, आता तुम्ही ते तबक त्यांच्या हातातून पाडाल. तुम्ही पिशवीतून कॅमेरा काढलात आणि अगदी गोड आवाजात म्हणालात, "वसंतराव, जरा खाली बसा ना. त्याच्याजवळ. हां, कुंकू लावताना. इकडे बघा." ते हसले. तुम्ही एकदाच बटण दाबलंत.

जेवून निघालो. चौकात मी स्कूटर थांबवली.

"वनखात्याचं ऑफिस उघडं असेल अजून. वळवू?"

"नको."

"जंगली कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्सं. तुमच्या कॅमेऱ्यात पुरावा आहे."

"त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे. घरात खाकी कपडे शिरलेले चालतील तुम्हाला?"

"आणि बाळ झाल्यावर?"

"मग बघू."

डिसेंबरात बाळ झालं. मी म्हटलं, आता? तुम्ही म्हणालात, बारसं होऊ दे. बारसं झालं. तुम्ही म्हणालात, थंडी आहे. मी म्हटलं, थंडी कोणाला? कासवाला की वसंतरावांना? मग तुम्ही ते वाक्य बोललात, ज्याने माझे हात बांधले. "मी आहे तोवर नको, वहिनी." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या पोळीला तूप मात्र लावत होते. तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "तूप जास्त होतंय. रागावला आहात की माया करताय, ते एकदा ठरवा."

मी तुमच्या नकळत दोनदा त्यांच्याकडे गेले, हे तुम्हाला आज सांगते. हात जोडून मागितलं. पहिल्यांदा म्हणाले, "वहिनी, ते आता घरचं मेंबर झालंय. नातवाचा पायगुण आणि याचा, दोन्ही एकदमच." दुसऱ्यांदा, जानेवारीत, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा गेले. म्हटलं, शरयूताईंना एकदा ते कातळावर बघू दे, एवढं करा. त्यांनी पायावर पाय टाकला आणि हसून म्हणाले, "अहो, पत्ता तर तुम्हीच लिहून दिला होतात! आता रुसवा कसला?"

वन्सं, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्या तोंडावर लोक पुष्कळ हसले आहेत. पण ते हसू मी घरी आणलं, आणि रोज तुमचा खोकला ऐकताना, तुमची पाठ शेकताना ते माझ्याजवळ होतं. मला कासव हवं होतं, ते खरं आहे. पण एवढंच खरं नाही. मला ते हसू त्यांच्या तोंडावरून उतरलेलं बघायचं होतं, आणि लोकांसमोर बघायचं होतं. मुलांनी हे वाचलं तरी चालेल. सूड म्हणजे काय हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं, आणि त्यांच्या बाबाकडून ते होणार नाही.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी वसंतरावांचा फोन आला. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा घेतो, तेरावं झालं की शनिवारी. भिंतीवर प्रोजेक्टरने शरयूताईंचे फोटो दाखवू. "तुम्हीच लावून द्या वहिनी. तुमच्याकडे सगळं व्यवस्थित असतं जी."

असतं. मी पाटावर कागद घेऊन बसले.

दहाव्या दिवशी, तुमच्या साड्या वाटायला काढताना, कपाटात तळाशी एक पाकीट सापडलं. वर काही लिहिलेलं नाही, तुम्ही कधी कशावर काही लिहीतच नव्हतात. आत माझ्या चौदा चिठ्ठ्या, टाचण्यांच्या भोकांसकट. तुम्ही त्या पहिल्याच संध्याकाळी काढून घेतल्या होत्या, पण तोवर वसंतरावांनी पत्ता टिपून घेतला होता. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मी त्या पोरीला रडवत होते तेव्हा त्या तुमच्या पर्समध्ये होत्या. आणि मग मला ते सगळं उलगडलं, सुनेचा सातवा महिना, बारसं, थंडी. तक्रार केली असती तर वसंतराव चारचौघांत पहिलं हेच बोलले असते, की पत्ता वहिनींनी दिला. तुम्ही त्यांना वाचवत नव्हतात. मला वाचवत होतात.

मी तुमच्यावर इतकी चिडले की ते पाकीट भिंतीवर फेकलं. मी मागितलं होतं का हे? पाच महिने एक जनावर टाइलवर नखं घासत राहिलं, कशासाठी, तर वहिनीची मान खाली जाऊ नये म्हणून? तुम्ही एकदा म्हणायचं होतंत, "चूक तुमची आहे, वहिनी." मी भांडले असते, दोन दिवस तूप लावत राहिले असते, आणि मग मान्य केलं असतं. तुम्ही ती संधीच दिली नाहीत. मग फरशीवर बसून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि क्रमाने लावल्या. माझी दुसरी रीत नाही. पन्नास वर्षांत माझ्यासाठी एवढं कोणी गप्प बसलं नव्हतं.

शनिवारी हॉल भरला होता. तुमच्या खिडकीवरचे जुने सहकारी आले होते, छावणीतल्या मराठी बायका आल्या होत्या. मागच्या रांगेत एक तरुण बाई बसली होती, वनखात्याची. तिला मी दोन पानी इंग्रजी पत्र पाठवलं होतं, सोबत चौदा फोटो, ठिपक्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळ केलेलं. इंग्रजी अर्ज आला की सरकारी माणूस निदान शेवटपर्यंत वाचतो, हा माझा अनुभव आहे.

वसंतराव माईकपाशी, पाठ भिंतीकडे. "शरयूताईंना मुक्या प्राण्यांची फार माया..." मागे एकेक फोटो सरकत होता. कातळ, धुकं, मान, पाय. या वेळी मी खाली फक्त दिवस आणि वेळ घातली होती, जागा कुठेच नाही. चौदावा गेला. पंधरावा आला. निळ्या टाइल, कारंजं, कुंकू, आणि तबक घेऊन हसणारे वसंतराव, भिंतभर. खाली माझ्या अक्षरात पूर्ण पत्ता, प्रवेशद्वाराजवळचा हौद, सकाळी साडेअकरा. "तेच कासव. मानेमागचे तीन ठिपके पाहावेत."

ते बोलतच होते. "...असा प्रेमळ जीव आता..." हॉल गप्प झाला तेव्हा त्यांना वाटलं, आपलं भाषण रंगतंय. मग पुढच्या रांगेतल्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपला वसंता!"

ते वळले. मी त्यांचा चेहरा बघायला पुढच्या ओळीत, कडेची खुर्ची घेतली होती. बघितला. पुरता बघितला.

"वहिनी, हे काय?"

"खाली लिहिलंय. वाचा. मागे तर छान वाचलं होतंत."

मग त्यांनी ते काढलंच. माईक चालू होता. "अहो, पत्ता तर हिनेच लिहून दिला होता! विचारा हिला!"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "हो. पत्ता मी लिहिला होता. चूक माझी आहे. चोरी तुमची."

वन्सं, जे तुमच्या कानात सांगायचं होतं ते मी शंभर माणसांत सांगितलं. तुम्ही पाच महिने ज्याच्यावर पदर धरून बसलात ते मी स्वतः उघडं केलं. काही झालं नाही. मान खाली गेली, मग वर आली. एवढंच होतं ते.

मागच्या रांगेतली ती बाई उठून पुढे आली आणि अगदी अदबीने म्हणाली, "अंकल जी, चलिए. घर दिखा दीजिए."

कासव हाडकलं होतं. पोट टाइलवर घासून सोललेलं, पाठीवर रुपयाएवढा पांढरा डाग. पनीर आणि चुरमुरे घालत होते त्याला. डॉक्टरने तपासलं, पाच दिवस ठेवून घेतलं, औषध लावलं. गुरुवारी पहाटे वनखात्याच्या जीपमधून मला नेलं. काठावर ठेवल्यावर ते बराच वेळ हललं नाही. मी तुमचा कॅमेरा नेला होता. ते निघालं तेव्हा मी बटण दाबलं, आणि फोटोत फक्त पाण्यावरचं वर्तुळ आलं. तुम्ही असतात तर आठ दिवस हसला असतात.

वसंतरावांवर केस चालू आहे. अध्यक्षपद त्यांनी तब्येतीचं कारण सांगून सोडलं. परवा सदर बाजारात त्यांची सून भेटली, कडेवर बाळ, तिने तोंड फिरवलं. बाळासाठी मला वाईट वाटलं. वसंतरावांसाठी वाटलं नाही. मी स्वतःला तपासून पाहिलं, दोनदा. त्या रात्री मला छान झोप लागली. आपला मुलगा फोनवर म्हणतो, "आई, आता सोडून दे." तुम्हीही हेच म्हणाल, "झालं ना वहिनी आता." माझ्या बाजूने ते झालेलं नाही. ज्या दिवशी ते येऊन म्हणतील की चुकलो, त्या दिवशी बघेन. तेव्हा मी त्यांना चहा देईन. साखर किती घालायची ते तेव्हा ठरवीन.

ज्या पोरीला मी रडवलं होतं तिच्याकडे मात्र जाऊन आले. माफी मागितली. ती घाबरून "नहीं नहीं आंटी जी" म्हणत राहिली. तिला तुमच्या साड्यांतली जांभळी दिली.

शुक्रवारपासून रोज एकटीच तळ्यावर जाते. दरीवर बसते, खडीसाखर तोंडात, पाय न बदलता. तीन दिवस काही नाही. आज चौथ्या सकाळी कातळापासून दहा हातांवर ती नळी वर आली. श्वास घेतला. पाणी स्वच्छ होतं, पाठीवरचा पांढरा डाग मला पाण्याखाली दिसला. मग ते खोल गेलं. मी फोटो काढला नाही.

मुलांनो, तुमची आत्याआजी गेली. वसंतरावांना मी माफ केलेलं नाही. कासव जिवंत आहे.